मला टाकीवरून काढलं तेव्हा

मी एक जुनी जाळी आहे, आणि मी संतापले आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा हळू आवाजात बोलतात, नशिबाला बोल लावतात आणि उसासा टाकून थांबतात. माझ्यावर जे ओढवलं ते माझ्यापुरतं राहिलं असतं तर मीही तसंच केलं असतं. पण ते एका मुक्या जिवावर बेतलं. म्हणून मी मोठ्यानं बोलणार आहे, आणि तुम्ही ते ऐकून घ्यायचं आहे.

वसमतहून औंढ्याकडे निघालात की गाव मागे पडल्यावर पत्र्याची एक शेड लागते. ते विश्वंभरचं वर्कशॉप. आमच्या भागात हळद फार. हळद काढली की ती शिजवायची, वाळवायची, मग मोठ्या ड्रममध्ये घालून घोळवायची, तेव्हा कुठे तिला चकाकी येते. त्या ड्रमना लागणारे लोखंडी दांडे आणि ते दांडे ज्यात फिरतात ते बुश या शेडमध्ये लेथवर कातून निघतात. लेथच्या खाली एक टाकी आहे. त्या टाकीच्या तोंडावर माझी जागा.

माझं काम समजायला अवघड नाही. लेथवर लोखंडाचा दांडा गरगर फिरतो. त्याला धारदार टूल टेकलं की दांड्याची साल निघते. सोलताना लोखंड इतकं तापतं की साल निळी पडते. म्हणून वरून नळीनं सतत पांढरं पाणी सोडतात. त्याला कूलंट म्हणतात. पाण्यात एक खास तेल कालवलं की ते असं दुधासारखं दिसतं. ते दांड्याला थंड ठेवतं, टूलची धार राखतं आणि सालपटांना वाहून खाली आणतं. या सालपटांचं कारखान्यातलं नाव चिप. काही जिलबीसारख्या वेटोळ्या, काही सुईसारख्या बारीक, सगळ्याच टोकदार. पाणी माझ्यातून टाकीत उतरतं, चिप माझ्या अंगावर राहतात, आणि टाकीतला पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. माझं आयुष्य एवढंच. मला ते पुरेसं होतं.

मला घडवलं धर्मसिंगनं. तो कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा, विश्वंभरकडे वेल्डिंग करायचा. धान्य चाळायच्या मोठ्या चाळणीचा एक तुकडा उरला होता. त्यानं तो कापला, लोखंडी पट्टीची चौकट केली, चौकटीला दोन कड्या लावल्या आणि मला टाकीवर ठेवून पाहिलं. एक कोपरा डगडगत होता. त्यानं तो कानशीनं घासला, पुन्हा ठेवलं, पुन्हा घासला. शेवटी तळहातानं दाबून म्हणाला, "आता बसली बराबर." पुढे तो नांदेडला गेला. पण त्यानं मला टाकीवर बसवलं त्या दिवशी मला वाटलं, आपणही कुणीतरी आहोत.

मग वर्कशॉपमध्ये शिवकन्या आली. शिरड शहापूरची मुलगी. आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ चालवण्याचा, कोर्स करून आलेली. रोज एसटीनं यायची, तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडायची, केस घट्ट बांधायची आणि लेथसमोर उभी राहायची. ती बोलायला फटकळ होती. चहा आणून देणाऱ्या माणसापासून मालकापर्यंत कुणालाही, मनात आलेलं ती तोंडावर सांगायची. पण माझ्याशी तिचं वागणं निराळं होतं. काम संपलं की ती मला कड्यांना धरून उचलायची, चिप पिंपात झटकायची, तारेच्या ब्रशनं घासायची आणि दाराशी नेऊन आभाळाकडे धरायची. एक डोळा मिटून माझ्यातून बघायची. एखादं भोक बुजलेलं दिसलं की टाचणी घेऊन बसायची.

"एवढं काय बघून राहिलीस?" विश्वंभर हसून विचारायचा.

"काका, हिचं एक भोक बुजलं तर पाणी वरून सांडतं," ती म्हणायची. "मंग फरशी पुसायला तुमी येता का?"

विश्वंभरला तिचा राग येत नसे. तो स्वतः लेथवर उभा राहूनच मोठा झालेला माणूस. कुणी गिऱ्हाईक आलं की तो मला बोटानं दाखवायचा आणि म्हणायचा, "ही जाळी हाय म्हणून माझा पंप टिकलाय." मला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? काम करणाऱ्याला दोन चांगले शब्द कानावर पडावेसे वाटतात, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

होळी झाली आणि हळदीचा हंगाम सुरू झाला. गावोगाव ड्रम फिरू लागले, आणि जिथे ड्रम फिरतात तिथे ते मोडतातही. विश्वंभर मशीन बसवायला आणि दुरुस्त करायला टेम्पो घेऊन बाहेर राहू लागला. वर्कशॉपवर त्यानं पुतण्याला बसवलं. त्याचं नाव सोमेश्वर. तो पुण्याला एका कंपनीत काही दिवस राहून आलेला. वाईट पोरगा नव्हता, पण त्याला थांबणं माहीत नव्हतं. मशीन थांबलेलं दिसलं की त्याच्या अंगाला जणू खाज सुटायची.

त्या दिवसांत जाड दांड्यांचं काम चालू होतं. चिप लांबच लांब निघायच्या आणि माझ्यावर गुंतवळासारख्या साचायच्या. पाणी तुंबायचं. शिवकन्या मशीन थांबवून मला झटकायची आणि पुन्हा चालू करायची. हे सगळं आटोपायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. एका सकाळी ती मला झटकत असताना सोमेश्वर मागून आला. त्यानं मला तिच्या हातातून ओढलं. ओढताना माझा एक कोपरा लेथच्या पायाला अडकला आणि टरकन फाटला. तशीच फाटकी मला घेऊन तो मागच्या दाराकडे गेला आणि मला बाहेर भिरकावलं.

"जाळी काहून फेकली?" शिवकन्या त्याच्यामागे दारापर्यंत आली.

"दर घडीला मशीन बंद करून हिला झटकत बसलीस तर माल कवा व्हायचा?"

"सोमेश्वरभाऊ, चिप टाकीत जातील. पंपात जातील."

"जातील तवा पाहू!"

मित्रांनो, हे तीन शब्द नीट ऐका. जातील तवा पाहू. जगातली निम्मी नासधूस या तीन शब्दांनी झाली असेल. जो माणूस हे म्हणतो तो पुढे कधीच पाहत नाही. पाहायची वेळ येते तेव्हा तो दुसरीकडे बघत असतो आणि पाहावं लागतं ते दुसऱ्याच कुणाला तरी.

मी पडले ते मागच्या भिंतीलगतच्या ढिगावर. तिथे झिजलेले पट्टे होते, रंगाचे रिकामे डबे होते, मोडकी खुर्ची होती. ढिगापलीकडे बाभळी आणि बाभळींखाली नाला. मागचं दार दिवसभर उघडं असायचं, त्यामुळे मला आतलं लेथही दिसायचं आणि बाहेरचा नालाही. मला वाटलं, दोन दिवस मशीन चालवतील, पंप कुरकुर करेल, मग आपली आठवण होईल.

पंपानं कुरकुर केली. बारीक चिप टाकीच्या तळाला काळ्या गाळासारख्या बसल्या आणि पंप त्या ओढू लागला. नळीतून पाण्याची धार यायची तिथे थेंब येऊ लागले. टूलं जळू लागली. जे थोडं पाणी वर चढायचं त्यात चिपांचा कीस असायचा, त्यानं दांड्यांवर ओरखडे उठू लागले. रोज नवं काही बिघडत होतं, आणि रोज सोमेश्वर त्या नव्या बिघाडावर चिडत होता. माझं नाव काही त्याच्या तोंडी येत नव्हतं.

मग पाणी नासलं. गाळ साचलेलं कूलंट दुधासारखंच नासतं. सुट्टीनंतर शेड उघडली की नासक्या अंड्यासारखा वास पार माझ्यापर्यंत यायचा. शिवकन्या स्कार्फ न सोडताच काम करू लागली. तिच्या मनगटांवर लाल पुरळ उठलं. दुपारी मागच्या दारात बसून ती हातांना खोबरेल चोळायची. भाकरीचा घास मोडायचा तर बोटं चुरचुरायची, म्हणून भाकरी कागदात धरून खायची. मला आत ठेवून घेतलं असतं तर तिच्या हातांवर ही वेळ आली नसती. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. ज्याला कळायला हवं होतं तो फोनवर कुणाला तरी "आज संध्याकाळी माल देतो" असं सांगत होता.

शेवटी पंप बंदच पडला. टाकी रिकामी केल्याशिवाय तो काढता येईना.

विश्वंभरची यासाठी एक रीत होती. नासलेलं पाणी तो झाकणाच्या पिंपात भरून ठेवायचा, गाळ वेगळा ठेवायचा, आणि वापरलेलं तेल नेणारा माणूस आला की सगळं त्याच्या हवाली करायचा. पण पिंपं भरलेली होती आणि तो माणूस आलेला नव्हता.

"नाल्यात वत," सोमेश्वर म्हणाला.

"मी न्हाई वतणार," शिवकन्या म्हणाली. "तिथं यशोदामावशीच्या शेळ्या पाणी पितेत."

"एका टाकीनं काय होतंय? नाला कोरडा पडलाय. जिरून जाईल."

"कोरडा पडलाय म्हणूनच सांगून राहिले. दोन डबकी उरलेत तिथं. जिरणार कुठं?"

सोमेश्वरनं बादली तिच्यासमोर आदळली. ती हात बांधून उभी राहिली. मग त्यानं स्वतःच बादली भरली. एकामागून एक बादल्या माझ्या अंगावरून नाल्याकडे गेल्या. शेवटच्या बादल्यांमध्ये पाणी कमी आणि गाळ जास्त होता. तो काळा, चमचमणारा गाळ डबक्यात धपकन पडला आणि काठच्या हिरव्या लव्हाळ्यात अडकून राहिला. बघता बघता पांढरं पाणी आणि डबक्याचं पाणी एक झालं. त्या करपलेल्या रानात ओलं आणि हिरवं असं तेवढंच काय ते उरलं होतं.

यशोदाबाई नाल्यापलीकडच्या वस्तीवर राहते. तिच्याकडे थोडं रान आणि शेळ्यांचा कळप आहे. रोज सकाळी ती काठी घेऊन कळपामागून येते. कळपाच्या पुढे असायची काबरी, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, मोठ्या कानांची शेळी. काबरी जिकडे वळेल तिकडे कळप वळायचा. तिच्या मागे तिचं करडू उड्या मारत यायचं.

दुसऱ्या दिवशी काबरी डबक्यापाशी आली. वास घेऊन ती मागे सरली. यशोदाबाई मागे राहिलेल्या शेळ्या हाकत होती, तिचं लक्ष नव्हतं. काबरी थोडा वेळ थांबली. पण उन्हाळ्यात तहान कुणाला सोडते? ती पुढचे पाय पाण्यात टाकून उभी राहिली. गाळ ढवळला गेला. ती प्यायली. मग काठचा लव्हाळा तिनं उपटून उपटून खाल्ला, त्यात अडकलेल्या माझ्या चिपांसकट. तिच्यामागून आणखी एक शेळी प्यायली. बाकीच्यांना यशोदाबाईनं येताच हाकललं, कारण तिलाही वास आला होता.

मी हाकेच्या अंतरावर होते. एवढ्या चिप आयुष्यभर अडवल्या मी! आणि त्या दिवशी समोर एक मुकं जनावर त्याच चिप गिळत होतं आणि मी ढिगावर उताणी पडून बघत होते. मला तोंड असतं तर साऱ्या वसमतला ऐकू जाईल असं ओरडले असते.

नंतरच्या दिवसांत काबरी कळपाच्या पुढे दिसेना. आधी मागे राहू लागली. मग पाठ कमानीसारखी करून चालू लागली. एका सकाळी यशोदाबाईनं तिला अक्षरशः उचलून आणलं आणि मागच्या दारात ठेवलं. काबरी उभी राहिली, पण दात करकर खात होती. शेळीला आत खूप दुखलं की ती दात खाते.

"पोरा," यशोदाबाईनं सोमेश्वरला हाक मारली, "नाल्यात काय वतलं तुमी?"

"काय न्हाई मावशी. कूलंटचं पाणी असतंय, साबणासारखं."

"साबणासारखं? मंग ही काहून अशी करून राहिली? चारा तोंडात धरत न्हाई. लेकराला पाजत न्हाई."

"शेळ्या कायबी खातेत. खाल्लं असंल कुठं प्लास्टिक."

लेथपाशी उभी असलेली शिवकन्या पुढे आली. तिनं मशीन बंद केलं नव्हतं, त्यामुळे तिला मोठ्यानं बोलावं लागलं आणि ते सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"मावशी, टाकी वतली इथं. नासकं पाणी होतं, खाली चिपचा गाळ होता. लोखंडाचा."

सोमेश्वरचा चेहरा पडला. मग त्याला राग आला. खोटं उघडं पडल्यावर माणसाला जो राग येतो तो फार हलका असतो, मित्रांनो.

"तुला कोणी विचारलं? बाहेरच्यासमोर वर्कशॉपचं नाव खराब करतेस? उद्यापासून येऊ नको कामाला."

"उद्या कशाला," शिवकन्या म्हणाली, "आत्ताच जाते." तिनं बटण दाबून लेथ थांबवलं, डबा पिशवीत टाकला आणि यशोदाबाईला म्हणाली, "चला मावशी, डॉक्टरला घेऊन येऊ. हिला बाभळीखाली सावलीत ठेवा."

घरी काय सांगणार होती ती? हातचं काम सोडून आले, तेही ऐन हंगामात, एका शेळीपायी. गावात लोक काय काय बोलले असते ते मला कळतं. तरी ती गेली. मला अभिमान वाटला, आणि अभिमानापेक्षा जास्त चीड आली. खरं बोलणाऱ्यानं पिशवी उचलायची आणि खोटं बोलणाऱ्यानं खुर्चीवर बसायचं, हा कुठला न्याय?

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर साधनाबाई त्या दोघींबरोबर आल्या तेव्हा काबरी आडवी झाली होती. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं. काबरीनं एकदा मान उचलली, करडाकडे पाहिलं आणि मान टाकली. यशोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेळी गेलीय हे तिला कळलं होतं, पण हात थांबत नव्हता.

"मावशी," साधनाबाई हळूच म्हणाल्या, "दुसरी एक आजारी आहे म्हणालात. तिला वाचवायचं तर ही कशानं गेली ते कळायला पाहिजे. उघडून बघू का?"

यशोदाबाईनं मान डोलावली आणि तोंड फिरवलं.

बाभळीखाली, माझ्यापासून चार पावलांवर, साधनाबाईंनी काबरीचं पोट उघडलं. शिवकन्या त्यांना हातमोजे, पाणी, जे लागेल ते देत होती. एका ठिकाणी साधनाबाईंचा हात थांबला.

"हे बघ," त्या शिवकन्येला म्हणाल्या. "शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. हा त्यातला एक. आतून बघ, मधाच्या पोळ्यासारखी घरं आहेत. याला जाळी म्हणतात. पोटात गेलेली जड वस्तू इथे येऊन अडकते."

त्यांनी त्या कप्प्यावरून बोट फिरवलं. बोटाला निळ्या, काळ्या, सुईसारख्या चिप लागल्या. एक चिप आरपार गेली होती, पुढचा पडदा फाडून काळजाकडे.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी कसं सांगू? तिच्या पोटातही जाळी होती. माझ्यासारखीच, घराघरांची. मला ढिगावर फेकून माझं काम तिच्या पोटातल्या त्या कोवळ्या जाळीवर टाकलं होतं, आणि तिनं ते केलं. सगळ्या चिप तिनं अडवल्या, फाटेपर्यंत अडवल्या. मी लोखंडाची आहे, मला चिप टोचत नाहीत. ती मांसाची होती.

साधनाबाईंनी चिप एका वाटीत काढून ठेवल्या. यशोदाबाईनं ती वाटी उचलली, मागच्या दारातून आत गेली आणि लेथवर, टूलच्या शेजारी, ठेवली. त्याच वेळी पुढच्या दाराशी विश्वंभरचा टेम्पो येऊन थांबला. मागच्या दारातल्या बाया, सोमेश्वरचा उतरलेला चेहरा आणि लेथवरची वाटी पाहून तो जागीच उभा राहिला.

"विश्वंभर," यशोदाबाई म्हणाली, "माझ्या शेळीच्या पोटात तुझं लोखंड काहून निघालं?"

"मावशी, काय झालं ते... नुकसान असंल ते मी..."

"भरपाईचं आदी बोलू नको. मी इचारलं त्याचं सांग."

"काका, नाल्यात सगळेच टाकतेत," सोमेश्वर मधेच म्हणाला. "आपलंच कशावरून?"

विश्वंभरनं वाटीतली एक चिप चिमटीत धरून उजेडात पाहिली. आयुष्यभर लोखंड कातलेला माणूस तो. "आपलीच हाय," तो म्हणाला. मग त्याची नजर लेथखाली टाकीकडे गेली. टाकीचं तोंड उघडं होतं.

"जाळी कुठाय?"

सोमेश्वर जमिनीकडे बघत राहिला.

"मागं उकिरड्यावर," दारातून शिवकन्या म्हणाली. "आन् काका, एक इचारू? तुमी दर आठ दिवसाला येऊन राहिले इथं. तुमाला वास न्हाई आला? नळीला धार नव्हती, मशीनखाली जाळी नव्हती. तुमाला न्हाई दिसलं?"

विश्वंभरनं हातातली चिप वाटीत परत ठेवली. त्यालाही माल हवा होता. माल निघत होता तोवर त्यानं खाली वाकून पाहिलं नव्हतं. मला सोमेश्वरचा राग आहे, पण तो त्याच्या अडाणीपणावरचा राग आहे. विश्वंभरचा राग निराळा. तो मला ओळखत होता. गिऱ्हाइकांसमोर माझं कौतुक करणारा हाच माणूस होता!

"लेथ बंद ठेव," तो सोमेश्वरला म्हणाला.

"काका, सीझन हाय. लोक ड्रम थांबवून बसलेत..."

"बंद ठेव म्हणलं ना! चुंबक घे आन् चल."

जुन्या लाऊडस्पीकरचं जड चुंबक दोरीला बांधून सोमेश्वर नाल्यात उतरला. भर उन्हात तो चुंबक गाळातून ओढायचा, वर काढायचा. चुंबकावर चिप साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या राहायच्या. त्या खरवडून तो पिंपात टाकायचा आणि पुन्हा ओढायचा. विश्वंभर डबक्यातलं पाणी नव्या पिंपांत भरत होता, काठचा लव्हाळा मुळासकट काढत होता. हे काम दिवसचे दिवस चाललं. सोमेश्वरच्या हातांवरही पुरळ उठलं. त्यानं एकदा ते हात शिवकन्येला दाखवले. ती म्हणाली, "खोबरेल लाव," आणि पुढे गेली. त्यापेक्षा जास्त सहानुभूती त्याला मिळाली नाही, आणि मला त्याबद्दल काही वाईट वाटत नाही.

हो, शिवकन्या परत आली. विश्वंभर स्वतः शिरड शहापूरला जाऊन आला. तिनं तिथल्या तिथे सांगितलं की हातमोजे पाहिजेत, टाकी वेळच्या वेळी साफ व्हायला पाहिजे आणि जाळीला हात लावायचा तर आधी तिला विचारायचं. विश्वंभरनं सगळ्याला मान डोलावली. माझा फाटका कोपरा तिनं दुसऱ्या जाळीचा तुकडा जोडून सांधून घेतला. आता मी पुन्हा टाकीवर आहे. पाणी स्वच्छ आहे, पंप गुणगुणतो. यशोदाबाईची दुसरी शेळी साधनाबाईंच्या औषधांनी वाचली. काबरीचं करडू कळपातल्या दुसऱ्याच एका शेळीला पितं, पण ती त्याला मधूनच लाथ मारते.

तुम्ही म्हणाल, झालं की सगळं ठीक. मग अजून राग कसला?

परवाची गोष्ट सांगते. विश्वंभरनं मागच्या भिंतीला सिमेंटचं टाकं बांधलं आहे, खास शेळ्यांसाठी, नळाचं पाणी सोडलेलं. यशोदाबाई हल्ली नाल्याच्या पलीकडून, लांबच्या वाटेनं कळप नेते. त्या दिवशी सोमेश्वरनं तिला हाक मारली.

"मावशी, पाणी चांगलं हाय. पाजा की शेळ्यांना."

ती पलीकडे थांबली. "तू पी आदी," ती म्हणाली.

सोमेश्वरनं इकडेतिकडे पाहिलं. मग वाकून दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्या टाक्यातलं पाणी प्यायला. पुन्हा एक ओंजळ प्यायला. पाणी त्याच्या कोपरांवरून खाली ओघळत होतं. यशोदाबाई बघत राहिली. शेळ्या माना वर करून पाण्याकडे बघत होत्या, एक तर दोन पावलं पुढेही आली. तिनं काठी आडवी धरून तिला मागे वळवलं आणि कळप घेऊन निघून गेली. टाकं भरलेलंच राहिलं.

मित्रांनो, तिचं काय चुकलं सांगा. टाकी एका दुपारी ओतता येते. विश्वास मात्र असा बादलीनं परत भरता येत नाही.

तुमच्या घरात, शाळेत, गावात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं आहे, गटारावरची लोखंडी जाळी आहे, पिठाची चाळणी आहे. आम्ही मळतो, तुंबतो, तुमचा वेळ खातो, मान्य आहे. आम्हाला धुवा, झटका, फाटलो तर सांधा. आणि घाईच्या दिवशी आम्हाला काढून फेकावंसं वाटलं, तर हात थांबवून एवढंच विचारा की ही आजवर जे अडवत होती ते आता कोण अडवणार? उत्तर सापडलं नाही तर आम्हाला जागेवर राहू द्या. आम्हाला फेकलं म्हणून अडवायचं काम संपत नाही. ते न विचारता दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं.

काबरीला कुणी विचारलं नव्हतं.